मापाची वही

सकाळी, चहाच्या आधी,
यांच्या पोटाला टेप लावते.
बेंबीवरून. श्वास सोडा म्हणते.
अठ्ठ्याण्णव. काल साडेसत्त्याण्णव होतं.
वही तीच, गिऱ्हाइकांची:
वरच्या ओळीत अष्टेकरांची सून, छाती छत्तीस, बाही नऊ,
खाली हे.

तीस वर्षं उद्यमबागेत साचे भरले यांनी.
वाळू किती ओली, मुठीत दाबून सांगायचे.
हिरेगौडर डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं,
असं घट्ट झालंय बघा, गाठी गाठी.
हे म्हणाले, जळकी वाळू. परत साच्यात चालत नाही ती.
डॉक्टर हसले नाहीत.
दारू?
होती की. लपवून काय करू.

कागद तीन भाषांत आले, सव्वीस पानं.
मराठीत लिहिलं होतं यकृत.
म्हणजे काय वो, यांनी विचारलं.
फॉर्म भरून घेणारी पोरगी, अक्कमहादेवी, गोकाककडची,
आधी कानडीत काहीतरी पुटपुटली, मग म्हणाली,
काळीज, मामा. मटणाच्या दुकानात मागता न्हवं, ते.
तेव्हा कुठं सही केली.

पेशी नाळेतल्या, म्हणाली.
कुणाच्या नाळेतल्या?
ते सांगता येत नाही. बाळंतिणीनं आपखुशीनं दिलेली.
आमच्या रवळनाथाची नाळ सासूनं
कडोलीत गोठ्यामागं पुरली, वर दगड ठेवला,
कुत्र्यानं उकरू नये म्हणून.
मला आपलं वाटत राहिलं,
त्या बाईच्या सासूला कळलं असेल का.

निम्म्या लोकांना पेशी, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी.
कुणाला काय, ते मलाही कळणार नाही, डॉक्टर म्हणाले.
चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो.
गुण येईल असं वाटतंय, खरं ठाऊक नाही.
आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
पुण्याची माझी सून अजून अडखळते,
जेवलो खरं भूक हाय, यात खरं काय, विचारते.

दोन वर्षं मी यांच्या आमटीत मीठ घातलेलं नाही.
आता शिरेतून घालतील, कदाचित.

त्या दिवशी पिशवी आली काळ्या कापडी खोळीत.
आतलं कुणाला दिसू नये म्हणून.
शिलाई कुणाची कोण जाणे, दोरा सैल,
एका बाजूला दोन बोटं उसवलेली.
सिस्टर पलीकडच्या खाटेकडं वळली.
पाणी असलं तर काचेसारखं,
पेशी असल्या तर पेजेसारखं गढूळ,
पोरगीच बोलून गेली होती कधीतरी.
दोन बोटं. जरा वाकलं की झालं.

हे माझ्याकडं बघत होते.
शाळा चौथीपर्यंत,
खरं माझं तोंड चाळीस वर्षं न अडखळता वाचतात.

उसवलेलं मी चिमटीत धरलं.
सिस्टर, म्हटलं, हे बघा.
ती चिकटपट्टी शोधायला गेली, मिळेना,
मग कुणाला तरी फोन करत बसली.
मी आपली उभी, मान भिंतीकडं,
थेंब थेंब सगळं उतरेपर्यंत.
बोटं नंतर सरळ होईनात.
हे म्हणाले, बस की आता.

पुढच्या तपासणीला खोळी घेऊन गेले.
डॉक्टर पैसे विचारत होते.
मी म्हटलं, आधीची कुणी शिवली, तिला सांगा,
अस्तराला बारीक टाका घालायचा असतो.

वहीत हाय ते:
काळं अस्तर, दुहेरी, चोवीस नग,
लांबी बारा, रुंदी आठ.
त्याखाली आजचं माप.
साडेशहाण्णव.
खरं सकाळपासून तीनदा पोट गेलंय यांचं, त्या गोड औषधानं.
संध्याकाळी परत टेप लावून बघते.